कोल्हापुरात हवेचा दाब मोजताना: टायर, फुटबॉल, कॉम्प्रेसर, मोबाईल... आकडा नेमका कशाचा?

दाबमापी

टायरवाला 'बत्तीस' सांगतो, फौंड्रीतला फिटर 'सात किलो' म्हणतो, मोबाईलमधलं ॲप ९४९ दाखवतं आणि हवामान खात्याच्या नकाशावर १००८ असतं. चारही आकडे हवेच्या दाबाचे आहेत आणि चारही एकाच वेळी, एकाच गावात बरोबर असू शकतात. आकडा कशाच्या तुलनेत मोजलाय हे कुणी विचारत नाही, तिथून वाद सुरू होतात. आपल्या भागात वापरता येतील अशा पद्धती, मापं आणि नेहमी होणाऱ्या चुका एका जागी असाव्यात म्हणून हा धागा काढतोय. ज्याचा जो विषय असेल त्यानं त्यावर सविस्तर लिहावं.

आधी पाया. टायरचं, कॉम्प्रेसरचं, बीपीचं गेज फक्त एवढंच सांगतं की बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे. टायर पूर्ण बसला की गेज शून्यावर येतं, पण आत बाहेरच्याइतक्या दाबाची हवा असतेच. बॅरोमीटर आणि मोबाईलचा सेन्सर निर्वातापासून मोजतात. त्याला निरपेक्ष दाब म्हणू. गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब मिळतो. तापमानाचं कुठलंही गणित करायचं तर निरपेक्ष दाबावरच करायचं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. त्यामुळे इथल्या हवेचा खरा दाब १०१३ नसून ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो (हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच, पुढे 'हेपा' लिहितो). जून-जुलैत तो ९४४-९४५ पर्यंत उतरतो, डिसेंबर-जानेवारीत ९५२ च्या घरात जातो.

हाताशी ठेवायची रूपांतरं:
१ किलो (प्रति चौरस सेंमी) = १४.२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) = ०.९८ बार = १० मीटर पाणी
१ पीएसआय = ६९ हेपा = ७० सेंमी पाणी
१ हेपा = १०.२ मिमी पाणी = ०.७५ मिमी पारा
कोल्हापूरची हवा = ९५० हेपा = १३.८ पीएसआय = ७१२ मिमी पारा = ९.७ मीटर पाणी

शेवटची ओळ वहीत लिहून ठेवा. पुढचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच सुटतील.

घाटरस्ता

टायरपासून सुरू करतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, दुचाकीला चेन कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये. टायरच्या कडेवर कोरलेला 'मॅक्स' आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा आकडा नव्हे. बरेच लोक तिथंच फसतात.

मोजायचं थंड टायरवर. गाडी तीनेक तास उभी असावी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. हायवेवरून कराडहून आल्या आल्या मोजलं तर ३-५ पीएसआय जास्त दिसतात. ती हवा सोडायची नाही, सकाळी टायर गार झाला की तेवढीच कमी पडते. गणित असं: गेज ३२, म्हणजे निरपेक्ष सुमारे ४६. तापमान १० अंशांनी वाढलं (साधारण ३०० केल्विनवर १०) की ४६ चा तिसावा भाग, म्हणजे दीड पीएसआय वाढतो.

मोजण्याची रीत:
आधी व्हॉल्व्हच्या तोंडावरची माती पुसा. पिन क्षणभर दाबून कचरा उडवून द्या. मग गेज सरळ आणि जोरात बसवा. 'फुस्स' आवाज चालूच असेल तर तो आकडा धरू नका, कारण गेजपर्यंत पूर्ण दाब पोचलेला नसतो. दोनदा मोजा, दोन्हीत अर्ध्या पीएसआयपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. डिजिटल गेज व्हॉल्व्हवर बसवण्याआधी चालू करायचं. बरीच गेजं चालू होताना जो दाब असेल त्यालाच शून्य धरतात. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा फुगला तर पिन घट्ट करा किंवा बदला.

गगनबावडा किंवा आंबा घाट उतरून कोकणात गेल्यावर काय होतं, असं नेहमी विचारलं जातं. बाहेरचा दाब ६०-६५ हेपानं वाढतो, म्हणून तेवढ्याच तापमानाला गेज सुमारे ०.९ पीएसआय कमी दाखवतं. तिकडची हवा इथल्यापेक्षा गरम असली तर त्यातलं बरंचसं भरूनही येतं. घाट उतरलो म्हणून हवा भरायची गरज नाही.

नायट्रोजनबद्दल: तापमानानं त्याचा दाबही हवेइतकाच वाढतो. मुख्य फायदा हा की तो कोरडा असतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढणाऱ्या दुकानातली साधी हवा पुरेशी आहे.

ऊसपट्टा

ट्रॅक्टरचं राहिलं. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह कुठं आहे यावर आकडा बदलतो. व्हॉल्व्ह वर (घड्याळाच्या बारावर) असताना साधारण पाऊण टायर पाण्यानं भरलेला असतो आणि वरच्या भागात हवा. त्या स्थितीत मोजलं तर हवेचा दाब मिळतो. व्हॉल्व्ह खाली असताना गेज हवा अधिक वरच्या पाण्याचा दाब दाखवतं. २८ इंची रिमला हा फरक सुमारे ७० सेंमी पाण्याचा, म्हणजे १ पीएसआयचा. शेतकामात मागच्या टायरला १२-१६ पीएसआयच ठेवतात, तिथं एक पीएसआयनं फरक पडतो. शिवाय पाणी गेजमध्ये शिरून ते गंजतं. म्हणून चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणा, दहा मिनिटं थांबा, मगच मोजा. मोजून झालं की गेज झटकून कोरडं करा.

५० किंवा १०० पीएसआयपर्यंतचं मोटारीचं गेज १२ पीएसआयवर भरवशाचं नसतं. ० ते ३० चं वेगळं गेज मिळतं, ते घ्या. ऊस ओढायच्या ट्रॉलीच्या टायरला मात्र बराच जास्त दाब लागतो आणि तो टायरच्या मापावर व भारावर ठरतो. ट्रॅक्टरचा आकडा ट्रॉलीला लावू नका.

शाहू_स्टेडियम_पूर्व

कोल्हापुरात हवेच्या दाबाचा धागा निघावा आणि फुटबॉल नसावा असं चालणार नाही!

नियमावलीतला नियम दुसरा: चेंडूचा दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय, समुद्रसपाटीला मोजून. परीघ ६८-७० सेंमी, वजन ४१०-४५० ग्रॅम. पल्ला एवढा मोठा असल्यामुळे 'नियमात आहे' म्हणणं सोपं असतं, पण ९ पीएसआयचा आणि १४ पीएसआयचा चेंडू उसळीत आणि पायाला लागण्यात पूर्ण वेगळे. चेंडूच्या व्हॉल्व्हजवळ कंपनीनं शिफारस केलेला दाब छापलेला असतो, तो धरावा. सराव आणि सामना दोन्हीकडे तोच ठेवावा.

सुईला ग्लिसरीनचा किंवा सिलिकॉन तेलाचा थेंब लावा. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग चेंडू हळूहळू उतरत राहतो. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्यानं रबर फुगतं. सुई सरळ घाला, वाकडी घातली की ती ब्लॅडरला टोचते. गेज लावून आकडा स्थिरावला की एका झटक्यात काढा. पाच नंबर चेंडूत जेमतेम साडेपाच लिटर हवा मावते, त्यामुळे सुई काढतानाची 'फुस'सुद्धा गेजवर दिसते. टायरला जी गळती कळतही नाही ती चेंडूला कळते. म्हणून ठरलेल्या आकड्यापेक्षा पाव-अर्धा पीएसआय जास्त भरायचा आणि गेजच्या रिलीज बटणानं खाली आणायचा.

आता ऊन. मे महिन्यात सावलीतल्या खोलीत २६ अंशाला १० पीएसआय भरलेला चेंडू मैदानाच्या कडेला उन्हात पडून ४६ अंशांवर गेला तर: निरपेक्ष २३.८ गुणिले ३१९ भागिले २९९, म्हणजे २५.४. गेजवर ११.६. चेंडू थोडा ताणतो म्हणून प्रत्यक्षात किंचित कमी. पण एक-दीड पीएसआय वाढतोच. सामन्याचे चेंडू मैदानावरच, सावलीत अर्धा तास ठेवून मग मोजावेत. रात्री खोलीत मोजून आणलेल्या आकड्याला दुपारी काही अर्थ नाही.

रंकाळ्याचा_वारा

मोबाईलच्या बॅरोमीटरवर लिहितो. सगळ्या फोनमध्ये हा सेन्सर नसतो, सेन्सर तपासणारं कुठलंही ॲप टाकून 'प्रेशर' ओळ दिसते का बघा. नसेल तर बीएमपी २८० सारखा सेन्सर छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोडून घरी लॉगर करता येतो. त्याची निरपेक्ष अचूकता साधारण १ हेपा आणि सापेक्ष अचूकता ०.१२ हेपा आहे. म्हणजे आकडा एखाद्या हेपानं इकडेतिकडे असेल, पण वर-खाली होणं तो फार बारकाईनं पकडतो. वापरही तसाच करायचा.

नकाशावरचे १००८ हे समुद्रसपाटीला आणलेला दाब. फोनवर ९४९ दिसतो तो तुमच्या जागेचा. मधला साठेक हेपाचा फरक उंचीचा आहे. हा फरक काढताना ॲप एखादं तापमान गृहीत धरतं आणि त्यात १० अंशांची चूक झाली तर उत्तर सुमारे २ हेपानं चुकतं. म्हणून दोन दिवसांची तुलना करताना जागेचाच दाब वापरा. जागाही एकच हवी: आपल्याकडे साधारण सव्वानऊ मीटरला १ हेपा बदलतो. पंचगंगेच्या घाटावर आणि सागरमाळावर एकाच क्षणी दोन-चार हेपांचा फरक असतो. पन्हाळा पायथ्यापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, तिथं दाब ४२-४३ हेपानं कमी भरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उष्ण प्रदेशात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. सकाळी दहा ते दुपारी चार हा उतार ३-४ हेपांचा असतो, आणि तो निरभ्र आकाश असतानाही होतो. सूर्याच्या उष्णतेनं सबंध वातावरणात उठणारी ही लाट आहे. पाश्चात्त्य ॲप दुपारी तीनला 'दाब झपाट्यानं उतरतोय, वादळाची शक्यता' म्हणतं, ते याच उताराला फसून. आजच्या चारची तुलना कालच्या चारशीच करायची. त्या तुलनेत ३ हेपा किंवा जास्त फरक आला तर काहीतरी घडतंय: बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र इकडे सरकतंय किंवा अरबी समुद्रात काही तयार होतंय.

वळवाच्या पावसाचा आलेख तर जरूर बघा. दर मिनिटाला नोंद ठेवली तर गार वाऱ्याचा पहिला झोत येतो तेव्हा दाब काही मिनिटांत १-२ हेपानं उडी मारून वर जातो. ढगातून खाली कोसळणारी गार, जड हवा जमिनीवर पसरते म्हणून. उतार नव्हे, चढ. पाऊस म्हणजे दाब कमी, एवढंच शिकलेल्यांना हे उलटं वाटतं.

कागल_विज्ञान

धाग्याबद्दल आभार. प्रदर्शनासाठी मुलं बरणीवर फुगा ताणून, त्याला स्ट्रॉ चिकटवून बॅरोमीटर करतात. काडी दिवसभर वर-खाली होते, पण वरच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. नेमकं कुठं चुकतं?

रंकाळ्याचा_वारा

ताई, ती काडी मुख्यतः तापमान दाखवते. बंद बरणीतल्या हवेचा दाब १ अंशाला सुमारे ३.२ हेपानं वाढतो (९५० भागिले ३००). दिवसभराची नैसर्गिक चढउतार ३-४ हेपांची, म्हणजे वर्गातल्या एका अंशाच्या फरकाइतकी. वर्गाचं तापमान दिवसात सहा-सात अंशांनी बदलतं, त्यात हवेचा दाब बुडून जातो.

दोन उपाय आहेत. बरणी पाण्यानं भरलेल्या मोठ्या बादलीत बुडवून ठेवा, थर्मामीटर शेजारीच सोडा आणि एकाच तापमानाच्या नोंदी तेवढ्या घ्या. दुसरा सोपा: उंचीचा प्रयोग करा. बरणीला फुग्याऐवजी बूच आणि बारीक नळी लावा, नळीत रंगीत पाण्याचा एक थेंब ठेवा. बरणी हातात न धरता थर्माकोलच्या खोक्यात ठेवून जिन्यानं एक मजला वर न्या. तीन मीटरला ०.३ हेपा फरक पडतो, एक लिटरच्या बरणीतली हवा साधारण ०.३ मिलिलिटर प्रसरण पावते. २ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत थेंब जवळजवळ दहा सेंमी सरकतो. मुलांना डोळ्यांनी दिसतं.

जुन्या पद्धतीचा तबकडीचा ॲनेरॉइड (पाऱ्याशिवायचा, काट्याचा) बॅरोमीटर शाळेत असेल तर तोही तपासा. त्यावर पाऱ्याच्या २८ इंचाला 'स्टॉर्मी' आणि ३० ला 'फेअर' कोरलेलं असतं. कोल्हापूरचा खरा दाबच २८ इंच आहे, म्हणून खरा दाब दाखवणारा काटा इथं कायम वादळावर राहतो. मागच्या भोकात बारीक स्क्रू असतो. सकाळी साडेआठला हवामान खातं निरीक्षण घेतं, त्या वेळेचा कोल्हापूरचा समुद्रसपाटीचा आकडा बघून काटा तिथं आणा. फिरवताना एकदम नको, थोडं फिरवून काचेवर बोटानं हलकी टिचकी द्या. तबकडीवरचे शब्द तरीही सोडून द्या, ते थंड देशांसाठी आहेत. तिथं दाब ४०-५० हेपानं वरखाली होतो, आपल्याकडे एवढं होत नाही.

शिरोली_मेंटेनन्स

कारखान्याच्या बाजूनं. बोर्डन गेज (आत वाकडी नळी असलेलं नेहमीचं काट्याचं गेज) घेताना लोक फक्त डायल बघतात. डायलवर खाली बारीक अक्षरात क्लास लिहिलेला असतो: १.०, १.६, २.५. ती टक्केवारी पूर्ण स्केलची असते, वाचलेल्या आकड्याची नाही. ० ते १६ किलोच्या १.६ क्लास गेजमध्ये कुठंही ०.२५ किलोची चूक धरून चला. ० ते १५० पीएसआयचं २.५ क्लासचं गेज ३० पीएसआयला पावणेचार पीएसआय चुकू शकतं, म्हणून कॉम्प्रेसरवरच्या गेजनं टायर भरू नये. रोजचा दाब स्केलच्या मधल्या भागात, साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास येईल असं गेज निवडा. ७ किलोच्या लाइनला ० ते १०.

रेसिप्रोकेटिंग (पिस्टनच्या) कॉम्प्रेसरवर साधं गेज लवकर मरतं, काटा थरथरून दातेरी पट्टी झिजते. ग्लिसरीन भरलेलं घ्या. पण त्याच्या डोक्यावरचं रबरी बूच बसवल्यावर उघडायचं असतं (टोक कापायचं किंवा पिन 'ओपन'ला फिरवायची). समुद्रसपाटीला सीलबंद केलेलं गेज कोल्हापुरात तसंच लावलं तर केसमध्ये तिकडचा दाब अडकलेला असतो आणि गेज ०.०६ किलोनं कमी दाखवतं. दहा किलोच्या गेजला दिसणार नाही, ० ते १ किलोच्या गेजला सहा टक्के चूक.

गळती किती हे काढायची पद्धत. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद, लाइन चालू. कॉम्प्रेसरनं ७ पर्यंत भरून बंद करा. लगेच घड्याळ लावू नका. टाकीतली हवा ६० अंशांना असेल आणि गार होऊन ३५ वर आली तर एक थेंब गळती नसताना गेज ७ वरून ६.४ वर येतं. टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबा, पुन्हा थोडं भरून ७ करा, मग ६ ला यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ५०० लिटर टाकीला (लाइनचं आकारमानही त्यात धरा) ५ मिनिटं लागली तर गळती सुमारे मिनिटाला शंभर लिटर मोकळी हवा, साडेतीन सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). मग साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक कपलिंग, होज क्लॅम्प आणि ड्रेन व्हॉल्व्ह बघा. ड्रेन व्हॉल्व्ह हा नेहमीचा गुन्हेगार.

गळती तशीच ठेवून प्रेशर स्विच वाढवून घेणारे बरेच आहेत. दर एका बारला वीज सहा-सात टक्क्यांनी जास्त जाते, आणि दाब वाढला की गळतीही वाढते. हे खरंच थांबायला हवं.

क्युपोलाच्या (बीड वितळवायच्या भट्टीच्या) विंडबॉक्सला, म्हणजे भोवतीच्या हवेच्या पेटीला, बोर्डन नको, पाण्याची यू-नळीच लावा. तिथला दाब किलोत नाही, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. नळी जोडायचं भोक (टॅपिंग) ब्लोअरच्या तोंडाशी न घेता विंडबॉक्सवर घ्यायचं. ब्लोअर तोच आणि दाब चढू लागला तर चार्ज (भट्टीत टाकलेला माल) अडकलाय किंवा ट्युयरपुढं (हवा आत शिरायच्या तोंडापुढं) स्लॅग, म्हणजे मळी, साचलाय. उतरला तर भट्टीतला माल खाली गेलाय.

चुलवाण

यू-नळीचा विषय निघालाच आहे तर घरी कशी करायची ते लिहितो. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप, आतला व्यास ६ मिमी किंवा जास्त (बारीक घेतला तर पाणी नळीला चिकटून खोटा आकडा येतो). प्लायच्या फळीवर इंग्रजी 'यू'सारखा बसवा, मध्ये मिलिमीटर पट्टी. पाण्यात खायचा रंग आणि भांड्याच्या साबणाचा एकच थेंब. बुडबुडे टिचक्या मारून काढा. वाचायचं ते दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर. एकाच बाजूला शून्यापासून किती हललं ते वाचलं तर निम्माच आकडा येतो, आणि ही चूक सर्रास दिसते.

गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा ओढा मोजायला मात्र ही उभी नळी अपुरी. धुराडं ६ मीटर उंच, आतला धूर ४०० अंशांचा, बाहेर ३० अंश धरले तर बाहेरची हवा घनमीटरला १.०९ किलो आणि धूर सुमारे ०.४९ किलो. ओढा: ०.६ गुणिले ९.८ गुणिले ६, म्हणजे ३५ पास्कल, पाण्याचे साडेतीन मिलिमीटर. उभ्या नळीवर हे वाचताच येत नाही. नळीची एक बाजू फळीवर तिरकी ठेवा: एक मीटर लांबीला दहा सेंमी चढ, बबल लेव्हलनं नीट तपासून. दुसरी बाजू म्हणजे पसरट बाटली. मग साडेतीन मिलिमीटरचे पस्तीस मिलिमीटर दिसतात. धुराड्याच्या बुडाशी ६ मिमीची स्टीलची नळी आतल्या भिंतीशी सपाट ठेवून बसवा. आत घुसवून धुराच्या तोंडाला धरली तर वेगाचा दाबही त्यात मिसळतो. बाहेर मीटरभर स्टील ठेवून मग प्लॅस्टिक जोडा, नाहीतर वितळेल.

ओढा कमी आला तर आधी धुराड्याच्या बुडातली राख काढा, मग काहिलीच्या कडेच्या फटी मातीनं लिंपा. फटीतून गार हवा शिरली की धूर गार होतो आणि ओढा पडतो. मग चिपाड जास्त लागतं.

उपसा_पंप

वरच्या रूपांतरांच्या शेवटच्या ओळीतला ९.७ मीटर आमच्या कामाचा. नदीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाला पाणी खालून वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला १०.३ मीटरची मर्यादा, इथं ९.७. त्यातून ३० अंशांच्या पाण्याच्या वाफेचे ०.४ मीटर, पंपाला लागणारे २-३ मीटर आणि पाइप, बेंड, फूटव्हॉल्व्हच्या घर्षणाचा अर्धा-एक मीटर वजा करा. हाती साधारण सव्वापाच ते पावणेसात मीटर राहतात. उन्हाळ्यात नदी उतरली की याच हिशेबात पंप खाली घ्यावा लागतो.

सक्शनला व्हॅक्यूम गेज लावा. ५ मीटर सक्शनला ते साधारण ३७० मिमी पारा अधिक घर्षणाचे थोडे दाखवेल. एकाएकी ५०० च्या पुढं गेलं तर जाळीला शेवाळ किंवा प्लॅस्टिक. काटा कमी होऊन नाचू लागला तर सक्शन जोडातून हवा ओढतेय.

एसी_फ्रीज_गोकुळ_शिरगाव

आमच्याकडेही उंचीचा तोच घोळ. मॅनिफोल्डचं कंपाउंड गेज (दाब आणि निर्वात दोन्ही दाखवणारं) पाऱ्याच्या ३० इंचाला जात नाही म्हणून व्हॅक्यूम पंप खराब ठरवतात. कोल्हापुरात २८ इंचापलीकडे काटा जाऊच शकत नाही, तिथं पूर्ण निर्वात झालं. पण २८ दिसलं म्हणजे ओल गेली असंही नाही. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिमी पारा, तो या गेजवर दिसत नाही. मायक्रॉन गेज वेगळं लावा. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा: आकडा चढून एका जागी थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती.

दवाखाना_दुरुस्ती

बीपीच्या ॲनेरॉइड यंत्राबद्दल. पट्टा मोकळा असताना काटा शून्याच्या चौकटीत हवा, पण शून्य बरोबर म्हणजे १५० बरोबर असं नाही. पाण्यानं तपासता येतं: १०० मिमी पारा = १३६ सेंमी पाणी, १५० = २०४, २०० = २७२. काचेची जाड बाटली, दोन भोकांचं रबरी बूच (तारेनं बांधून). एक नळी पाण्यात बुडून भिंतीवर तीन मीटर वर, दुसरी टी-जोडानं पट्टा आणि बल्बला. काटा १५० वर आणून पाणी किती चढलं ते मोजा. ६ मिमीची नळी आणि ८ सेंमी रुंद बाटली असेल तर नळी भरताना बाटलीतली पातळी एक सेंमीहून थोडी जास्त उतरते, म्हणून उंची बाटलीतल्या नव्या पातळीपासूनच मोजा. ३ मिमी पाऱ्यापेक्षा जास्त फरक असेल तर यंत्र दुरुस्तीला. पाऱ्याचं जुनं यंत्र घरी उघडू नका.

गळतीसाठी पट्टा नळकांड्याभोवती गुंडाळून २५० पर्यंत फुगवा, मिनिटाला ४ पेक्षा जास्त उतरता कामा नये. मोजताना सेकंदाला २-३ मिमीनंच सोडा. बल्बचा स्क्रू अडकत असेल तर कितीही चांगलं गेज असून उपयोग नाही.

कळंबा_रिंगरोड

कुकरबद्दल कुणीतरी लिहा. आणि टायरचं गेज घरी तपासायचं कसं? ३० पीएसआयला पाण्याची नळी २१ मीटर लागेल.

दाबमापी

कुकरची शिट्टी साधारण १ किलो गेज दाबाला उचलते. इथली हवा मिळवून आत १.९३ बार, म्हणजे वाफ सुमारे ११९ अंश. समुद्रसपाटीला १२०. उघड्या पातेल्यात मात्र इथं पाणी ९८.२ ला उकळतं, पन्हाळ्यावर ९७ च्या आसपास. एका अंशाच्या फरकासाठी शिट्टीवर वजन ठेवण्यासारखं धोक्याचं काही करू नका. शिट्टी आणि व्हेंट स्वच्छ आहेत, आरपार उजेड दिसतो, एवढं रोज बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रिंग त्याच कंपनीची घ्या.

गेजसाठी इमारतीची टाकी वापरा. पाच मजली इमारतीत तळमजल्याचा नळ आणि गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी यांत १५ मीटर अंतर असेल तर नळाशी २१.३ पीएसआय असतात. उंची जिन्यातून टेपनं मोजा, टाकीतली पातळी धरून. सगळी घरं शांत असताना, म्हणजे रात्री उशिरा, वाचा. कुणी नळ सोडला की आकडा पडतो. प्रेशर पंप लावलेल्या लाइनवर हे चालत नाही.

कळंबा_रिंगरोड

टायरचं गेज नळाला बसणार कसं? आणि आत पाणी जाईल.

शिरोली_मेंटेनन्स

भावा, थेट बसवायचं नाही. ० ते ४ किलोचं, पाव इंची बीएसपी (पाइपच्या) आट्याचं, १ क्लासचं बोर्डन गेज घ्या. अर्धा इंची नळाला अर्धा-पाव रिड्यूसर, आट्याला टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे. गेज नळाच्याच उंचीवर हवं, वर-खाली असेल तर ७० सेंमीला १ पीएसआय धरून दुरुस्ती करा. त्या आकड्याशी बोर्डनची चूक लिहून ठेवा. मग तेच गेज कोरडं करून टी-जोडावर बसवा: एका तोंडाला बोर्डन, दुसऱ्याला ट्यूबमधून कापलेला व्हॉल्व्ह क्लॅम्पनं, तिसऱ्याला जुन्या ट्यूबचा किंवा छोट्या टाकीचा साठा. साठा नसेल तर टायरचं गेज लावतानाच दाब निम्मा होतो. सायकलच्या पंपानं २० पर्यंत भरा, टायरचं गेज लावा, दोन्ही एकाच वेळी वाचा. मग २५, ३०, ३५ ला तेच, आणि उतरताना पुन्हा. चढताना आणि उतरताना एका पीएसआयपेक्षा जास्त फरक दाखवणारं टायरचं गेज बदला. फरक सगळीकडे सारखाच असेल तर तेवढा आकडा गेजच्या पाठीवर मार्करनं लिहा आणि वापरत राहा.